गयाबाईंच्या ओट्यावरचं टॅटिंग

कोल्हारच्या घरातली दुपार मला आधी कानांनी आठवते. जेवणं झालेली असत, राखेने घासलेली भांडी अंगणात पालथी पडलेली असत, शाळेच्या बाजूने येणारा पाढ्यांचा गलका येऊन येऊन दमलेला असे, आणि मग मागच्या पडवीतून बारीक टिकटिक सुरू होई. घड्याळ आमच्या घरी नव्हतं. ती टिकटिक आईच्या हातातल्या शटलची होती. शटल म्हणजे बोटाएवढी, दोन्ही टोकांना निमुळती, हाडाची चपटी होडी; तिच्या पोटात दोरा गुंडाळलेला. डाव्या हाताच्या बोटांभोवती दोऱ्याचा फेरा धरायचा आणि उजव्या हातातलं शटल त्याच्या खालून-वरून न्यायचं. दोरा शटलच्या टोकांमधून सटकला की टिक् असा आवाज येतो. गाठीला गाठ लावत जायची, मध्येच थोडी जागा सैल सोडली की तिचा इवलासा फासा होतो. आई त्याला डोळा म्हणे. पुरेशा गाठी झाल्या की दोरा ओढायचा, आणि सगळ्या गाठी एकमेकींना टेकून गोल कडी तयार. अशी कडीला कडी जोडत गेलं की लेस होते. ह्याला टॅटिंग म्हणतात. आई हे नगरला मिशनच्या बोर्डिंगमध्ये शिकली होती. तिथली मडम फार कडक, गाठ तिरकी पडली की बोटांवर पट्टी मारायची, असं आई सांगे. पण सांगताना हसायची आणि हात थांबवायची नाही.

बाबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. शाळेमागेच दोन खोल्या आणि पडवी, एवढं आमचं घर. पलीकडे चिंचेची रांग आणि तिच्याखालून प्रवरेकडे उतरणारी पायवाट. थंडीत कुठल्यातरी गुऱ्हाळाचा वास वाऱ्यावर येई आणि पडवीत बसल्या बसल्या तोंड गोड होई. साखर दुसऱ्या महायुद्धाच्या, म्हणजे आमच्या तोंडी लढाईच्या, दिवसांत दिसेनाशीच झाली होती, पण गूळ मुबलक होता. आई गुळाचा चहा करी, त्यात गवती चहाचं पातं टाकी. बाबांच्या आजोबांची वस्ती गावकुसाबाहेरची. पुढे बाप्तिस्मा झाला, बाबा शिकले, मास्तर झाले, गावातली मुलं त्यांना हात जोडू लागली. पण गाव काही विसरलं नव्हतं. आमच्याकडे कोणी आलं तर अंगणात उभं राही. पाणी कोणी मागत नसे.

मला टॅटिंग यायला एक अख्खी थंडी गेली. ह्या कामात एक जागा अशी आहे की तिथे सगळे अडतात. गाठ मारताना ती आधी शटलच्या दोऱ्याने मारली जाते. मग हातावरचा दोरा सैल सोडायचा, शटलचा ताणायचा, म्हणजे गाठ एका दोऱ्यावरून उडी मारून दुसऱ्यावर जाऊन बसते. बसली नाही तर कडी ओढली जात नाही. माझी बसायचीच नाही. आई म्हणायची, "कुसुम, बोटं ढिली सोड. दोरा पळून जात नाही." एक दिवस ती बसली. कशी बसली ते मला अजूनही सांगता येत नाही. परवा नातसुनेने मला मोबाईलवर कुठल्याशा देशातल्या बायका टॅटिंग करताना दाखवल्या. नखं रंगवलेली, दोरे इंद्रधनुष्याचे. ती म्हणाली, "आजी, ह्या सगळ्या एकमेकींना आपापलं काम दाखवतात, रोज." मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. त्यातल्या एकीने कडी ओढताना ओठ दाताखाली धरला होता. हिरा अगदी तसाच धरायची.

हिरा ही पाटीलगल्लीतली सासुरवाशीण, माझ्याहून थोडीशीच मोठी. तिचा नवरा सखाराम पलटणीत भरती होऊन समुद्रापार गेला होता. घरी ती आणि सासू, गयाबाई. नदीवर धुणं घेऊन जाताना ती आमच्या कुंपणावरून जाई. आधी नुसती बघायची, मग चालणं हळू झालं, मग एक दिवस थांबलीच. डोक्यावर धुण्याची पाटी तशीच होती.

"काय करती गं हे? मासं धरायचं जाळं का?"

मी तिला लेसची पट्टी कुंपणावरून दाखवली. तिने हात पदराला पुसला आणि मग पट्टी हातात घेतली. उजेडासमोर धरली. "हे दोऱ्याचंच हाय? सुई न्हाई, काय न्हाई?" मग एकदम म्हणाली, "मला शिकवशील?"

आई आतून ऐकत होती. ती बाहेर येऊन म्हणाली, "शिकवू. पण घरी विचारून ये, पोरी."

तिने विचारलं नाही, हे आम्हाला नंतर कळलं. पण ती रोज येऊ लागली. धुणं झपाझप उरकायची, पिळून पाटीत भरायची आणि आमच्या पडवीच्या पायरीवर टेकायची. गावच्या सुताराने शिसवीच्या लाकडाची शटलं करून दिली होती, त्यातलं एक आईने तिला दिलं. पडवीत तेव्हा रूथमावशीही असत. त्या आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एक विधवा, आईच्या जिवाभावाच्या, बोलण्यात एवढ्या रंगत की त्यांच्या कड्या कधी गोल होतच नसत, अंड्यासारख्या लांबट होत. आणि त्या ठामपणे सांगत की नगरात आता असलीच पद्धत आली आहे. आम्ही चौघी गुडघ्याला गुडघा लावून बसायचो. कोणाची कडी चांगली झाली की ती हातोहात फिरे. हिरा फार लवकर शिकली. तिची गाठ आठवड्यातच बसली आणि ती एवढ्या मोठ्याने "बसली!" म्हणून ओरडली की बाबा शाळेतून बघायला आले.

मग एका दुपारी गयाबाई आल्या. उंच, काळ्यासावळ्या, कपाळावर मोठं गोंदण, विधवा असूनही चालण्यात पाटलिणीचा दणका. अंगणातूनच कडाडल्या, "हिरे! धुनं वाळाया नदीत घातलंस का काय?" हिराचा चेहरा पांढराफटक पडला. गयाबाई आईकडे वळल्या. "मास्तरीनबाई, माझा ल्योक परमुलखात हाय. सून एवढीच हाय मला. तिला बाटवायचा इचार असंल तर तोंडावर सांगा."

आई उठून उभी राहिली. आवाज चढवणं तिच्या स्वभावात नव्हतं. "गयाबाई, इथे देवाचं नावसुद्धा निघालं नाही. निघतात ती रूथबाईंच्या शेजाऱ्यांची नावं. तुम्ही बसा, बघा, आणि मग तिला न्यायचं तर न्या."

गयाबाई बसल्या नाहीत. पण हिराने आपली पट्टी पुढे केली. मक्याच्या दाणे काढलेल्या कणसावर ती तिने गुंडाळून ठेवली होती. गयाबाईंनी ती उलगडली, वीतभर, मग हातभर. "ही तू केलीस?" एवढंच विचारलं. आणि हिराला घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी हिरा आली आणि मागोमाग गयाबाई. हातात पाण्याने भरलेली स्वतःची लोटी. पडवीबाहेर चिंचेच्या सावलीत त्या पाठ टेकून बसल्या. सुनेवर लक्ष ठेवायला आलेय, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. तिथून पुढे त्या रोज येत. शटलला त्यांनी कधी हात लावला नाही, पण हळूहळू त्यांची जागा चिंचेखालून पायरीशी सरकली, आणि रूथमावशींच्या गोष्टींना सगळ्यांत आधी हसू त्यांचंच फुटू लागलं. पुढे दोरा मिळेनासा झाला. विलायती दोऱ्याचे गोळे दुकानांतून गायबच झाले. आई जुना दोरा गाठी मारून मारून वापरी. तेव्हा एके दिवशी गयाबाईंनी पदरातून सुताचा एक गुंता काढून आईसमोर टाकला. बाजारपेठेतल्या मैद्याच्या रिकाम्या पिशव्यांची शिवण त्यांनी बसून बसून उसवली होती. "ह्यानं भागंल का बघा." सूत जाड होतं, आईने ते रिठ्याच्या पाण्यात उकळून घेतलं. त्याची लेस भरड व्हायची, पण दणकट. मला ती फार आवडायची.

सखारामची पत्रं त्याआधीच बंद झाली होती. मलायाकडे त्याची पलटण शत्रूच्या हाती लागली अशी बातमी आली. कोण मेलं, कोण कैदेत गेलं, कोणालाच सांगता येत नव्हतं. बाबा नगरला जाऊन चौकशी करून आले, हात हलवत परतले. हिरा यायची थांबली. नवऱ्याचा पत्ता नाही आणि ही नक्षी करत बसते, असं गल्लीत कोणीतरी बोललं होतं म्हणे. पडवीत आम्ही तिघी बसायचो, पण रूथमावशीसुद्धा गप्प असत. मी नदीच्या वाटेकडे बघत बसायची. धुण्याला आता गयाबाईच जात, आमच्याकडे न बघता.

आणि मग त्या आल्या. थेट पायरी चढून पडवीत आल्या, पहिल्यांदाच, आणि आईसमोर बसल्या.

"पोरगी जेवत न्हाई, मास्तरीनबाई. बोलत न्हाई. भिंतीकडं तोंड करून पडून असती. माझा ल्योक गेला का हाय ते देवाला ठावं, पन ही माझ्या डोळ्यांदेखत चाललीया." मग म्हणाल्या, "ती यायची न्हाई हितं. तुमी या. तुमचं ते सगळं घिऊन या."

आईने विचारलं, "कुठे बसायचं आम्ही?"

"वट्ट्यावर," गयाबाई म्हणाल्या. "माझ्या वट्ट्यावर."

तो प्रश्न आणि ते उत्तर, दोन्ही किती मोठी होती हे मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं. आईला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने स्वच्छ इस्त्रीचं लुगडं नेसलं, आणि पिशवीत दोऱ्याबरोबर आमचे तीन पितळी पेले घातले. बाबा दारात उभे होते. "जाऊन या," एवढंच म्हणाले. पाटीलगल्लीतून आम्ही तिघी चाललो तेव्हा दारादारांत बायका उभ्या राहिल्या. मला आमच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता.

गयाबाईंनी ओट्यावर घोंगडं अंथरलं होतं. आम्ही बसलो. हिराला त्यांनी दंडाला धरून बाहेर आणून बसवलं. केस विस्कटलेले, डोळे खोल गेलेले. तिने आमच्याकडे पाहिलंही नाही. आईने तिच्याशी एक शब्द न बोलता तिच्या डाव्या हाताच्या बोटांभोवती दोरा गुंडाळला, उजव्या हातात शटल दिलं, आणि स्वतःचं काम सुरू केलं. मीही केलं. रूथमावशींनी एका कोंबडीची गोष्ट काढली. टिकटिक चालू झाली. बराच वेळ हिराचे हात तसेच मांडीवर होते. मग तिच्या शटलचा आवाज आला. एकच. मी मान वर केली नाही, आईने मला कोपराने खुणावलं होतं.

चहाच्या वेळी आईने पिशवीतून आमचे पेले काढून ओट्याच्या कडेला ठेवले. गयाबाई चहाचं पातेलं घेऊन आल्या. पेल्यांकडे त्यांनी पाहिलं, आईकडे पाहिलं. मग ते तिन्ही पेले उचलून बाजूला पालथे ठेवले, आत गेल्या आणि आपल्या घरचे कप घेऊन आल्या. चहा ओतताना त्यांचा हात स्थिर होता. आईने कप दोन्ही हातांनी घेतला.

तेवढ्यात बापूराव आला. सखारामचा चुलतभाऊ, भावकीतला बडा माणूस. रस्त्यातूनच म्हणाला, "काकी, वट्ट्यावर कोन बसवलंय?"

"डोळं फुटलं का तुझं? मास्तरीनबाई हायेत."

"त्या कोन हायेत ते गावाला ठावं हाय."

"मला बी ठावं हाय," गयाबाई पातेलं खाली ठेवून उभ्या राहिल्या. "माझी सून अन्नाला शिवत न्हाई, ते ठावं हुतं का तुला? तुमच्यातली एक तरी बाई आली का तिच्याजवळ बसाया? आल्या त्या तिचं कुकू बघाया आल्या, लावलंय का पुसलंय ते."

"भावकी काय म्हनंल, काकी?"

"म्हनू दे. वट्टा माझा हाय. माझ्या मालकानं बांधलाय. त्यावर कुनी बसायचं ते मी सांगनार."

बापूराव आल्या पावली परत गेला. त्या साली भावकीतल्या लग्नाचं बोलावणं गयाबाईंना आलं नाही. त्या म्हणाल्या, "बरं झालं. चुलीम्होरं धुरात मरायचं वाचलं." पण आहेर म्हणून त्यांनी आधीच घेऊन ठेवलेलं लुगडं नंतर कितीतरी दिवस खुंटीवर दिसत होतं. घराच्या आत त्यांनी आम्हाला कधीच बोलावलं नाही, हेही इथे लिहिलं पाहिजे. उंबरा होता तिथेच राहिला. पण ओटा आमचा झाला. हिरा पुन्हा जेवू लागली, पुढे हसूही लागली. कामात बुडालेली असली की ती आपल्या नवऱ्याबद्दल बोले, नाव न घेता. त्याला वांग्याचं भरीत आवडतं, तो झोपेत गाणी म्हणतो, असलं काही. तिची लेस वाढत चालली. कशाला लावायची ते तिने ठरवलं नव्हतं आणि आम्ही कोणी विचारत नव्हतो. त्या ओट्यावरच्या दुपारी मी आयुष्यात जितक्या सुखात बसले तितक्या सुखात पुन्हा कुठे बसल्याचं आठवत नाही. आणि हे सुख एका घराच्या काळजीवर उभं होतं, हेही मला ठाऊक आहे.

लढाई संपली म्हणून शाळेत पेढे वाटले गेले. त्यानंतरही पुष्कळ दिवस काही कळलं नाही. मग एका दुपारी आम्ही ओट्यावर बसलेल्या असताना मोटारीच्या थांब्याकडून एक माणूस चालत आला. खाकी कपडे अंगावर लोंबत होते, डोक्यावरचे केस विरळ, चेहरा पिवळा. तो ओट्यासमोर येऊन उभा राहिला. गयाबाईंनी कपाळावर हात धरून पाहिलं आणि विचारलं, "कोन पायजे, बाबा?"

त्याचे ओठ हलले.

हिरा उठली. बोटांभोवती दोरा तसाच होता, शटल हातात होतं, दोऱ्याचा गोळा ओट्यावरून खाली पडून रस्त्यावर घरंगळत गेला. ती पायऱ्या उतरली आणि त्याच्यापासून दोन हातांवर थांबली. सासूसमोर, रस्त्यात, डोक्यावरचा पदर खाली आलेला. "आत्याबाई," ती म्हणाली, "अवं, हे हायेत."

"आये," तो म्हणाला. तेव्हा गयाबाईंनी जो आवाज काढला तो मी इथे लिहू शकत नाही. आईने आमचं सामान गोळा केलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि आम्ही तिघी मागच्या बोळातून घरी आलो. आमच्या जाण्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं आणि असायलाही नको होतं. वाटेत रूथमावशी रडत होत्या आणि आई देवाचे आभार मानत होती. मीही मानले. आणि घरी आल्यावर पडवीत बसून मला वाटलं, आता त्या दुपारी संपल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

झालंही तसंच. सखाराम आजारी होता, त्याला थोडं थोडं, वेळेवर भरवावं लागे. त्याला एकटं सोडवत नसे. हिरा कधी कुंपणाशी येऊन उभी राही, "बरं हाय आता, काल भरीत मागून खाल्लं," असं सांगून लगबगीने जाई. तिच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं. मी "ये ना बसायला" असं म्हणायचं सोडून दिलं. त्यानंतर लवकरच बाबांची बदली मिरजगावला झाली. सामान बैलगाडीत चढवत होतो तेव्हा हिरा घागर घेऊन आली.

"मिरजगावला नदी हाय का गं?" तिने विचारलं.

"नाही म्हणतात."

"मंग धुनं कुठं धुशील?"

"विहिरीवर."

"व्हय," ती म्हणाली. "इहिरीवर बी धुत्यात." आणि घागर कमरेवर घेऊन नदीकडे उतरून गेली.

मिरजगावात लोक चांगले होते, पण टॅटिंग कोणाला ठाऊक नव्हतं. उघडा माळ, लांबच लांब रस्ता, धुळीत पेटलेली दुपार. आई आणि मी दोघीच बसायचो, आणि आईची नजरही कमी होत चालली होती. कडी चांगली झाली की मी ती दाखवायला मान वर करायची आणि समोर भिंत असायची. पुढे मी नर्सिंग शिकले, लग्न झालं, मुलं झाली, बदल्या झाल्या. दवाखान्यातल्या पोरींना, शेजारणींना, मंडळीतल्या बायकांना मी टॅटिंग शिकवलं. आजही दर शनिवारी काही जणी माझ्याकडे येतात, दोऱ्याचे रंग एकमेकींना दाखवतात, खूप हसतात. मला त्या आवडतात. तरी त्यांच्यात बसलेली असताना कधीकधी मी कुंपण शोधते.

हिरा मला त्यानंतर एकदाच भेटली. श्रीरामपूरच्या एसटी स्टँडवर. आम्ही दोघी तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या. तिनेच मला ओळखलं. तिच्या कडेवर नातवंड होतं, पायाशी बाजाराच्या पिशव्या. आम्ही हात धरून उभ्या राहिलो. आई गेली, मी सांगितलं. गयाबाई त्याच्या कितीतरी आधी गेल्या होत्या. "जाताना तुझ्या आईची आठवन काढली," ती म्हणाली. सखाराम धडधाकट होता, मळा बघत होता. तिला तीन मुलं, दोघी मुली सासरी दिलेल्या, मुलगा तिच्यापाशी. "अजून करती का गं?" तिने विचारलं. करते म्हटलं. "मी न्हाई. जवळचं दिसत न्हाई आता. पन थोरलीला शिकवलं, ती झाक करती." एवढ्यात तिची गाडी लागली. कंडक्टर ओरडू लागला, नातवंड रडू लागलं, मी तिच्या पिशव्या वर दिल्या. "ये की कोल्हारला," ती खिडकीतून म्हणाली. "येते," मी म्हणाले. गाडी वळली.

मी बराच वेळ तिथेच होते. एवढ्या वर्षांचं सगळं विचारून सांगून झालं होतं, काही राहिलं नव्हतं. मग काय चुकल्यासारखं वाटतंय ते लक्षात आलं. कुंपणाशी झालेले चार शब्द सोडले तर आम्ही दोघी एकमेकींशी नेहमी बसूनच बोललो होतो, हातात काम घेऊन. त्या दिवशी जन्म आणि मरणं सगळी उभ्या उभ्या सांगून झाली, आणि मला त्यातलं काहीच नको होतं. मला तिच्याशेजारी थोडा वेळ नुसतं बसायचं होतं.